खाटेवर न बसल्याचा दाखला

मडावी सिस्टर विमा कंपनीचा कागद वाचून झाला की साबणाने हात धुवायच्या. चिघळलेली जखम बांधून झाल्यावर धुवायच्या तसेच, कोपरापर्यंत आणि सावकाश. दोनतीनदा पाहिल्यावर मी न राहवून विचारलं, कागदाला काय लागलंय म्हणून. त्या म्हणाल्या, "वास येऊन राहिला ना भाऊ. तुमाले नाही येत?"

तेव्हा मला येत नव्हता. मी नोकरीत नवा होतो आणि कागद मला मनापासून आवडायचे. आता ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळतो, खिळे आणि बिजागऱ्या विकतो. तरी घरी कुणाच्या पॉलिसीचं पाकीट आलं की मला किळस येते. बायको म्हणते, तुमचं आपलं काहीतरीच. पण ही किळस माझी स्वतःची नाहीच, ती मडावी सिस्टरांकडून लागलेली आहे.

हे दोन हजार दहाच्या आसपासचं. गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात मी कॅशलेसच्या काउंटरवर बसायचो. पेशंटचा विमा असला की त्याने पैसे भरायचे नाहीत, आम्ही कंपनीला फॅक्स करायचा, कंपनीने मंजुरी पाठवायची आणि मग उपचार करायचा, अशी ती व्यवस्था. आता विमा कंपनी स्वतः कधी बोलायची नाही. तिने मध्ये एक दुसरी कंपनी बसवलेली होती. तिचं ऑफिस कुठल्याशा लांबच्या शहरात, आणि तिचं एकच काम, शंका काढणं. त्या शंकेला आम्ही क्वेरी म्हणायचो. पोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाचं पोट पॉलिसी काढायच्या आधीपासून तर दुखत नव्हतं ना, लहानपणी कधी दुखलं होतं का, बापाचं दुखायचं का, असल्या क्वेऱ्या यायच्या. मी त्यांना सुवाच्य अक्षरात उत्तरं लिहायचो आणि मला त्याचं कौतुकही होतं.

मडावी सिस्टर वरच्या मजल्यावरच्या वॉर्डच्या मुख्य. मूळच्या नवेगाव बांधकडच्या. वडील जंगलात कामाला जायचे, घरी थोडी धानाची शेती. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पायात पुरुषी सँडल. पांढरी साडी इतकी वर नेसायच्या की घोटे उघडे दिसायचे. कुणी हसलं तर म्हणायच्या, "जिना चढाचा आहे बापा, लग्नाले नाही जाचं." झाडीपट्टीतल्या बायका बोलतात तशा 'मी जातो', 'मी सांगतो' असंच बोलायच्या. रागावल्या की हिंदीत शिरायच्या, कारण गोंदियात अर्धं गाव हिंदीच बोलतं. शिव्या मात्र त्यांनी कधी हिंदीत दिल्या नाहीत. त्यासाठी त्यांना घरचीच भाषा लागायची.

नस शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उन्हात राबलेले राठ हात, म्हाताऱ्यांच्या बोटाखालून पळणाऱ्या नसा, सुजलेली मनगटं, जिथे दुसऱ्या नर्सेस तीनतीनदा टोचायच्या आणि पेशंटला रडवायच्या, तिथे मडावी सिस्टरांना बोलावणं जायचं. त्या येऊन स्टुलावर बसायच्या, पेशंटचा हात मांडीवर घ्यायच्या आणि छताकडे बघायला लागायच्या. बोटं हातावरून फिरत असायची आणि डोळे पंख्यावर. तोंडाने पेशंटची चौकशी चालू असायची, म्हैस कितवी व्याली, पोरगी कुठे दिली. उत्तर अर्ध्यावर असतानाच सुई आत गेलेली असायची. "पाहून सापडत नाही ते," एवढंच म्हणायच्या.

विम्याचा नियम असा होता की पेशंट चोवीस तास भरती पाहिजे, नाहीतर एक पैसा मिळणार नाही. आता नसेतून द्यायच्या कितीतरी औषधांना दोनतीन तास पुरतात. पण नियम म्हणजे नियम. औषध दुपारच्या आत संपलेलं असलं तरी पेशंटने दुसऱ्या दिवसापर्यंत खाटेवर आजारी पडून राहायचं. नागपूरहून महिन्यातून दोनदा संधिवाताचे डॉक्टर आमच्याकडे येऊ लागले तेव्हापासून असले पेशंट वाढले. मडावी सिस्टर त्यांना पावणे म्हणायच्या. पावण्यांना त्या रिकामं बसू द्यायच्या नाहीत. एकदा मी सह्या घ्यायला वर गेलो तर तीन खाटांवर तीन बायका आणि मधल्या खाटेवर सुपात लाखोरीची डाळ. सगळ्या जणी निवडत बसलेल्या. डाळ कुणाची तर सिस्टरांची. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारलं, "सिस्टर, मी बिमार आहो का पावणी आहो?" सिस्टर म्हणाल्या, "कंपनीसाठी बिमार, माह्यासाठी पावणी. खडे नीट पाहा."

त्यांनी कंपनीशी बोलू नये असा दवाखान्याचा नियम होता, आणि तो नियम त्यांच्यामुळेच झाला होता. झालं असं की एका उलट्यांच्या पेशंटचा क्लेम अडकला. कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. तो मला हिंदीत विचारायला लागला की गोळ्या का नाही दिल्या, नसेतून औषध देण्याची काय गरज होती. मी आपला 'सर, सर' करत होतो. सिस्टर कसल्याशा फॉर्मसाठी खाली आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"डॉक्टर साहब, मुँह में कुछ टिकता तो मैं नस काहे को ढूँढती?"

पलीकडून विचारलं असावं की आपण कोण.

"जिसने सुई लगाई वो बोल रही है. आपने आज कितनी लगाई?"

दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रार आली. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे दवाखान्याच्या मालकांनी, सिस्टरांना केबिनमध्ये बोलावून बरंच सुनावलं. मी बाहेर उभा होतो. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमी तिथं 'सर, सर' काऊन करून राहिले होते गा? तो का तुमचा मास्तर होता?" मला राग आला होता. आज वाटतं, विचारलं ते बरोबरच विचारलं.

आता छाया बिसेनचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच एवढं लिहायला बसलो.

छाया जवळच्या बिरसी गावची. वय तिशीच्या आतबाहेर, दोन पोरं. नवरा तिथल्या विमानाच्या धावपट्टीवर एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन होता आणि त्या कंत्राटदाराने सगळ्या कामगारांचा कुटुंबासकट विमा काढलेला होता. छायाला आमवात. हाताची बोटं आतल्या बाजूला वळायला लागली होती. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिची वेणी सासूने घालून दिलेली होती आणि ब्लाउजची बटणं उलटसुलट लागलेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी एक महागडं औषध सांगितलं. नसेतून द्यायचं, पहिला डोस, मग दोन आठवड्यांनी दुसरा, मग महिन्याने तिसरा आणि नंतर दर आठ आठवड्यांनी. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. खंड पडला तर शरीर त्या औषधाला परकं समजायला लागतं आणि पुन्हा दिल्यावर उलटतं.

सिस्टरांनी रक्ताच्या रिपोर्टवर कधी विश्वास ठेवला नाही. त्या छायाला ओला पंचा पिळायला सांगायच्या. पहिल्या डोसाआधी तिने पिळला तर थेंब पडला नाही. पंचा नुसता तिच्या हातात दबला. दुसऱ्या डोसाला आली तेव्हा चार थेंब पडले. तिसऱ्याला आली तेव्हा बादलीत चांगली धार लागली आणि सिस्टर अख्ख्या वॉर्डला ओरडून म्हणाल्या, "पाहा वो बायाहो, हा माहा रिपोर्ट!" छाया लाजून हसली. म्हणाली, "यंदा रोवणीले जातो मी, सिस्टर. मुठीत रोप धरता येऊन राहिलं." मीही तिथे उभा होतो. कागदांच्या त्या नोकरीत मला ज्या एकदोन दिवसांबद्दल बरं वाटतं त्यातला तो एक.

त्याच दिवशी दुपारी कंपनीचा माणूस आला.

असा माणूस अधूनमधून यायचा. पेशंट खरंच भरती आहे का ते बघायला. गळ्यात कॅमेरा, काखेत रेक्झिनची बॅग, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्याच्यासोबत वर जाणं माझं काम होतं. मी गेलो नाही. दुपारचा डबा उघडून बसलो होतो आणि त्याचं तोंड बघत जेवायची मला इच्छा नव्हती. जिन्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, खोली नंबर चार. मडावी सिस्टर तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत होत्या.

खोली नंबर चारमध्ये काय चाललं होतं ते नंतर कळलं. छायाचं औषध संपलेलं होतं, सुई हातात तशीच होती. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, डबा घेऊन बिरसीहून आले होते. भासरे खोलीत शिरले तशी छाया खाटेवरून उतरली, खाली फरशीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्यांच्यात रीतच तशी. सून भासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, आणि भासरेही तिच्याशी बोलत नाहीत. खोलीत खुर्ची नव्हती. दहाबारा किलोमीटर सायकल मारून आलेले साठीचे भासरे रिकाम्या झालेल्या खाटेवर बसले, पाय वर घेतले आणि खिशातून पेरू काढून चाकूने फोडी करायला लागले.

कंपनीच्या माणसाने दारातूनच फोटो काढला. मग भासऱ्यांना विचारलं, "आपको क्या तकलीफ है?"

भासरे म्हणाले, "मले कायची तकलीफ? मी मस्त आहो."

"पेशंट कौन है?"

भावाच्या बायकोचं नाव भासरे कसं घेणार? त्यांनी चाकूने फरशीकडे खूण केली. त्याने छायाला नाव विचारलं. भासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी ती बोलेना. नवऱ्याचं नाव विचारलं. ते तर ती एकटी असती तरी तिने घेतलं नसतं. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं, आणि तिने पदर आणखी खाली ओढला. त्याने तिचा पाठमोरा फोटो काढला आणि जिना उतरून गेला. जाताना त्याने आमच्या कुंडीत पचकन थुंकलेलं मी पाहिलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. पेशंटच्या खाटेवर तंदुरुस्त पुरुष आढळला. त्याने स्वतः मस्त असल्याचे सांगितले. पेशंट म्हणून दाखवलेल्या महिलेस स्वतःचे व पतीचे नाव सांगता आले नाही, सबब ती तोतया असल्याचा संशय. क्लेम नामंजूर, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पुढील कोणतीही मंजुरी मिळणार नाही.

मी ते पत्र वर नेलं. सिस्टरांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "तुमी कुठं होते?" मी म्हणालो, जेवत होतो. त्या बेसिनकडे गेल्या आणि नळ सोडला.

औषधाचा खर्च दवाखान्याच्या अंगावर आला. मंजुरीची वाट न बघता सुई लावायची आमची सवय होती, मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं की आता आधी मंजुरी, मग सुई. छायाच्या नवऱ्याची ऐपत विचारूच नका, त्या औषधाच्या एका कुपीत त्याचे कित्येक पगार गेले असते.

सिस्टरांनी कंपनीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्यांनी ते मला लिहू दिलं नाही. शाळेतल्या वहीच्या दोन पानांवर त्यांनी समजावून सांगितलं होतं की बाई खाटेवरून का उतरली आणि नाव का सांगितलं नाही. मला एक वाक्य आठवतं, कारण फॅक्स मीच केला: 'मला ही रीत पसंत नाही, मी पेशंटला बोललेली आहे, पण रीत पाळली म्हणून बाई खोटी होत नाही.' आणि छायाला त्या खरंच बोलल्या होत्या. मी ऐकलं होतं. "ते खाट तुह्या सासऱ्याची नाही, दवाखान्याची आहे. खाली उतरली कायले? हातात सुई आहे अना फरशीवर बसते!" छाया मान खाली घालून ऐकत होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'सदर प्रथेचा अधिकृत पुरावा जोडावा.'

मला हसू आलं. सिस्टरांना आलं नाही. त्या रविवारी त्या बिरसीला गेल्या आणि ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन आल्या. तिथला किस्सा त्यांनी मला सांगितला. सरपंच बाई होत्या, त्यामुळे शिक्का त्यांच्या नवऱ्याच्या खिशात. नवरा खुर्चीवर बसून दाखला लिहीत होता आणि सरपंचबाई चहा देऊन दाराआड उभ्या होत्या, कारण ओट्यावर त्यांचेही भासरे होते. "मी म्हटलं, फोटो काढून पाठवाले पायजे होता," सिस्टर म्हणाल्या. दाखला मी जपून ठेवायला हवा होता. त्यात लिहिलं होतं, 'दाखला देण्यात येतो की, यांचे समाजात सून ही भासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही व पतीचे नाव घेत नाही, ही रीत पूर्वापार आहे. सबब दाखला दिला असे.' खाली गोल शिक्का, पोलीस पाटलाची सही.

कंपनीला तो पुरला नाही. पुढची क्वेरी आली की खाटेवर बसलेल्या इसमाचे ओळखपत्र आणि तो इसम आजारी नसल्याचा वैद्यकीय दाखला पाठवावा. बिचारे भासरे पुन्हा सायकल मारून आले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली, छाती तपासली आणि ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. आजारी बाईला औषध मिळावं म्हणून धडधाकट म्हाताऱ्याला तपासून घ्यायचं, ही आमची विद्या! जाताना भासरे सिस्टरांपुढे उभे राहिले. टोपी हातात घेतली होती. म्हणाले, "मी उभाच राहिलो असतो तं बरं झालं असतं ना बाई. पाय दुखून राहिले होते." सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचा काहीच गुन्हा नाही, दादा. बसाले खाटच असते." ते गेल्यावर त्यांनी त्या दूरच्या शहरातल्या माणसांना अशी एक शिवी हासडली की औषधांच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकावला.

मग नवऱ्याच्या नोकरीचा दाखला, मग लग्नाचा पुरावा, मग छायाचा फोटो चेहरा उघडा ठेवून. प्रत्येक कागदाला ते तीन आठवडे घ्यायचे, आणि आम्ही पाठवलेलं एकदा तर त्यांच्याकडे सापडेचना. चौथ्या डोसाची तारीख टळून गेली. रोवणी आली आणि गेली. छाया मध्येमध्ये यायची, काउंटरसमोरच्या बाकावर बसायची. "आलं का भाऊ?" एवढंच विचारायची. मी नाही म्हटलं की वर सिस्टरांकडे जायची. हात पुन्हा मिटत चालले होते. एकदा सिस्टर तिच्या ब्लाउजची बटणं लावून देताना दिसल्या. पंचा पिळायला त्यांनी सांगणं सोडून दिलं होतं.

पाच महिन्यांनी एका डोसाची मंजुरी आली. मोठे डॉक्टर खूश झाले. मी पेढे मागवायच्या बेतात होतो. एकट्या सिस्टर म्हणाल्या, "एवढा खंड पडला. मले बरोबर नाही वाटून राहिलं." त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. ते म्हणाले, धोका आहे, पण दुसरा इलाज हाताशी नाही. औषध उलटू नये म्हणून असतात ती इंजेक्शनं आधी द्या, अगदी सावकाश सोडा आणि पेशंटजवळून हलू नका. सिस्टरांनी छायाला सगळं उघड सांगितलं, काही लपवलं नाही. छाया म्हणाली, "सिस्टर, मले पोरीची वेणी घालाची आहे. द्या तुमी."

सकाळी अकराला सुरू केलं. सिस्टर स्टुल ओढून बसल्या, मी दारात उभा होतो. त्या दिवशी त्या छताकडे बघत नव्हत्या, छायाच्या तोंडाकडे बघत होत्या. दहा मिनिटं झाली असतील नसतील, छायाने मान खाजवली. सिस्टरांनी तिथेच थेंब बंद केला. तोवर तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि छाती शिट्टीसारखी वाजायला लागली होती. सिस्टरांनी एका हाताने नळी काढली, दुसऱ्याने भरून ठेवलेलं इंजेक्शन मांडीत टोचलं आणि डॉक्टरांना हाक मारली, हे सगळं मी एक ते दहा मोजायच्या आत. छाया वाचली. त्यांच्यामुळेच वाचली. संध्याकाळी नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हे औषध तिला आता जन्मात द्यायचं नाही.

दुसरं औषध होतं. पोटाच्या कातडीत घरच्या घरी टोचून घ्यायचं. पण घरी टोचायच्या औषधाला चोवीस तास भरती लागत नाही, आणि भरती नाही तर विमा नाही. तरी सिस्टरांच्या आग्रहाने मी अर्ज केला. झालेली रिअ‍ॅक्शन लिहिली, डॉक्टरांचं पत्र लावलं. छायाला आम्ही सांगितलं, कंपनीला लिहिलंय, बघू काय म्हणतात.

त्यांचं उत्तर मात्र आठ दिवसांत आलं. घरी टोचायचं औषध पॉलिसीत बसत नाही. तथापि रुग्णाची गरज विचारात घेऊन आधीच्याच औषधाचे वर्षभराचे सर्व डोस मंजूर करण्यात येत आहेत.

जे औषध दिलं तर ती मेली असती, ते वर्षभर मंजूर. माझा अर्ज कुणी वाचलाच नव्हता. मी पत्र वर नेलं. सिस्टरांनी वाचलं आणि टेबलावर ठेवलं. शिवी दिली नाही. स्टुलावर बसल्या. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधून निरोप आला की छायाच्या नवऱ्याचा फोन होता. त्याच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आलाय, मंजूर झालं म्हणून. नवं औषधच मंजूर झालं असं समजून घरात सगळे खूश आहेत आणि छाया सोमवारी भरती व्हायला येते आहे.

सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी जाऊन सांगा तिले. कागद तुमचा आहे. माह्याच्यानं नाही होत."

आयुष्यभर जे असेल ते तोंडावर सांगणारी ती बाई. तिने माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली. मी हो म्हणालो. गुरुवार होता तो. शुक्रवारी म्हणालो, उद्या जातो. शनिवारी काउंटरवर गर्दी होती, म्हणजे फार नव्हती, पण होती असं मी ठरवलं. संध्याकाळी घरी जाताना सिस्टरांनी विचारलं, सांगितलं का. मी म्हणालो, उद्या रविवार, सकाळीच निघतो.

रविवारी खरंच निघालो. सकाळी नाही, दहाच्या पुढे. मडावी सिस्टर त्यानंतर दवाखान्यात आल्याच नाहीत, नोकरी सोडून अर्जुनी मोरगावकडे कुठेतरी गेल्या. नंतर आमची भेट नाही. त्यामुळे त्या दिवशी बिरसीच्या रस्त्यावरून जे दिसलं तेच त्यांचं शेवटचं.

घर रस्त्याला लागूनच. मी मोटारसायकल हळू केली. ओसरीवर सिस्टर बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत नाही, घरच्या लुगड्यात. समोर छाया. दोघींच्या मध्ये दवाखान्यात न्यायची भरलेली पिशवी. सिस्टर त्यातून एकेक वस्तू बाहेर काढत होत्या. ताट, पेला, कंगवा, चादर, पोरीने दिलेला बिस्किटांचा पुडा. काढायच्या आणि ओसरीवर ओळीने ठेवायच्या. बोलत होत्या की नाही ते लांबून कळत नव्हतं. छाया दोन्ही मिटलेले हात मांडीवर घेऊन नुसती बघत होती.

मी सांगायचं होतं ते सिस्टरांचं सांगून झालेलं होतं. मी तिथूनच गाडी वळवली. आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.